सोमवारच्या दोन नळ्या

हृदयाचा तुकडा बाहेर आला की फार वेळ नसतो. काही मिनिटांत तो गोठवला नाही तर त्यातलं आम्हाला जे हवं असतं तेच नासायला लागतं. म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर द्रव नायट्रोजनचं भांडं पायाशी ठेवून उभं राहायचं. आतून सिस्टर स्टीलच्या वाटीत तुकडा आणून देते. तो चिमट्यानं उचलायचा, करंगळीएवढ्या नळीत टाकायचा, झाकण फिरवायचं, नळी भांड्यात सोडायची, वहीत वेळ लिहायची. खोबऱ्याच्या लहानशा कातळीएवढा तुकडा असतो. हे काम मी नऊ वर्षं केलं, आणि माझ्याइतकं चटचट ते कुणालाच जमत नाही असं नऊ वर्षं सगळ्यांना ऐकवत होते.

नळीवर नाव नसतं, नंबर असतो. हे नंबर मी आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवायची. थंड नळीवर पेन चालत नाही, आणि दारात उभं राहून लिहीत बसायचा मला मनस्वी कंटाळा. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी मागवायची, पहिल्या पेशंटला पहिला नंबर, दुसऱ्याला दुसरा, आणि नळ्या त्याच क्रमानं स्टँडमध्ये खोचायच्या. लॅबमधल्या नव्या मुलींना मी हेच शिकवलं. त्यातली एक म्हणाली होती, मॅडम, यादी बदलली तर? मी म्हटलं, बदलली तर डोळे दिलेत ना देवानं.

मी मूळची कऱ्हाडची. नवऱ्याला हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आले. हुणसूर रस्त्यावर येलवालच्या अलीकडे ही लॅब निघाली तेव्हा अर्ज केला आणि तिथंच चिकटले. काम काय, तर माणसाच्या हृदयात कुठली जनुकं जागी असतात ते शोधायचं. शरीरातल्या पेशींत जनुकं तीच असतात, डोळ्यात तीच आणि गुडघ्यात तीच. पण सगळी सगळीकडे काम करत नाहीत. घरातल्या प्रत्येक खोलीत बटण असतं आणि दिवा आपण असू त्याच खोलीत लावतो, तसं ते आहे. जागं जनुक आपला निरोप आरएनएच्या रूपात पेशीत धाडत असतं. तो निरोप फार नाजूक, हवेला ठेवलेल्या दुधासारखा नासतो. आम्ही तुकड्यातून तो काढायचा, त्यावरून डीएनए बनवायचा, तो मशीनवर अक्षर अक्षर वाचायचा आणि कुठल्या जनुकाचे निरोप किती ते मोजायचं. यादीत काही अशी निघायची की त्यांना धड नावही नव्हतं, नुसता क्रमांक. ती हृदयात जागी असतात हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं. असं एखादं दिसलं की घरी जाऊन शिरा करावासा वाटायचा, आणि मी करायचीही. नवरा विचारायचा, आज कोण जन्मलं?

ज्या काकूंबद्दल हे लिहितेय त्यांची आणि माझी गाठ पडली ती माझ्या मराठीमुळं. त्यांचा मुलगा एकतीस वर्षांचा. त्याच्या हृदयातली मधली भिंत इतकी जाड झाली होती की रक्ताला बाहेर पडायला वाट अपुरी पडत होती. जाड भाग कापून काढायचं ठरलं होतं. कापलेला भाग आम्हाला द्याल का, हे विचारायला आमच्या लॅबनं मला पाठवलं, कारण घर मराठी बोलतं असं कळलं होतं.

मंडी मोहल्ल्यातलं घर. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेली माणसं. आजे-पणजे कापड रंगवायचे, छापायचे. मुलगा फ्लेक्सचे बोर्ड छापायचा. काकूंचा नवरा चाळिशीतच दुकानाचा जिना चढताना कोसळून गेला होता, आणि सगळ्यांनी मिळून दृष्ट लागली असं ठरवून टाकलं होतं. धाकटी मुलगी चोवीस वर्षांची, शाळेत खेळाची शिक्षिका, खो-खोत जिल्ह्यासाठी खेळलेली. काकूंचं मराठी ऐकून मला आधी गंमत वाटली. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि मध्येच कानडीत शिरायचं. मला त्या ताई म्हणायच्या, मुलगी अक्का म्हणायची.

"कापलेलं सुम्मने टाकूनच देणार ना ते?" काकूंनी विचारलं. उगीच, फुकटच, अशा अर्थानं त्या दर दोन वाक्यांनी 'सुम्मने' म्हणायच्या. मी म्हटलं, हो, एरवी टाकूनच देतात. "मग घ्या की. पण त्याचं काय करणार?" मी त्यांना निरोपांचं सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हंजे माझ्या पोराचं काळीज तुम्ही वाचणार." मी म्हटलं, तसंच काहीसं. त्यांनी कागदावर कानडीत सही केली.

सोमवारी सकाळी सात वाजता मी वॉर्डात गेले तेव्हा काकूंच्या हातात भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर होतं. ऑपरेशन आठला, यादीत मुलगा पहिला. "ताई, सोमवारचा साडेसात ते नऊ राहुकाळ हाय. राहुकाळात मी याला चपला आणायलाबी बाहेर सोडत नाही. डॉक्टरांना सांगा, नंतर घ्या म्हणावं. तुमचं ऐकतील." इथं हे सगळेच पाळतात, दुकानाचं कुलूप उघडण्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत. आमच्या घरात असलं काही नव्हतं. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि अमावास्येला मुद्दाम प्रवासाला निघायचे. मला हसू आलं, पण त्या बाईचा चेहरा बघून मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर इथलेच. त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. म्हणाले, दुसरा पेशंट आधी घेऊ, आठवड्याला एक तरी असं येतंच. यादीत दुसरी होती हुणसूरकडची एक बाई, पन्नाशीची, आजार तोच. तिला राहुकाळाचं काही नव्हतं. ती आधी गेली.

मी थिएटरच्या दारात भांडं घेऊन उभी राहिले. स्टँडमध्ये एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबरच्या नळ्या होत्या, आदल्या संध्याकाळी लिहिलेल्या. पावणेदहाच्या सुमारास सिस्टर वाटी घेऊन आली. माझ्या ओळखीची, थट्टेखोर. तिला मी राहुकाळाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायला लागले. म्हटलं, राहू काय यादी घेऊन बसलाय का दारात, पहिला कोण नि दुसरा कोण बघायला? ती हसली. मीही हसले. हसता हसता तुकडा उचलला, नळीत टाकला, झाकण फिरवलं, नळी सोडली. वहीत लिहिलं, नऊ चाळीस.

मग वॉर्डात डोकावले. मुलगा उपाशीपोटी पलंगावर बसून होता. "अक्का, आईच्या राहूनं मला उपाशी मारलं," तो म्हणाला. काकू त्याच्या कपाळाला अंगारा लावत होत्या. बहीण म्हणाली, बाहेर आलास की तुला मसाला डोसा, दोन. तो म्हणाला, तीन.

त्याचं ऑपरेशन लांबलं. आत रक्तस्राव झाला होता. वाटी दोनच्या सुमारास आली, आणि कापलेला तुकडा बराच वेळ तिथंच बाजूच्या टेबलावर राहिला होता असं सिस्टर म्हणाली. या खेपेला ती हसत नव्हती. मी तुकडा उरलेल्या नळीत टाकला.

तिसऱ्या दिवशी तो गेला. ऑपरेशन नीट झालं होतं, पण हृदयाचे ठोके बिघडले ते पुन्हा ताळ्यावर आलेच नाहीत.

लॅबमध्ये त्या दोन्ही नळ्या मीच उघडल्या. एक्केचाळीसमधला तुकडा उत्तम निघाला. बेचाळीसमधला आरएनए पार नासलेला होता. असा तुकडा आमच्या उपयोगाचा नसतो. मी वहीत बेचाळीसपुढे 'खराब' लिहिलं आणि तो पिवळ्या पिशवीत टाकला. माणसाच्या शरीराचा भाग असेल तर पिशवी पिवळी, ती भट्टीत जाते. मनात आलं, यादीप्रमाणे बेचाळीस म्हणजे ती हुणसूरची बाई, तिचा वाया गेला, पण पोराचा तरी वाचला. मला बरंही वाटलं.

दोन महिन्यांनी काकू लॅबच्या दारात उभ्या. मुलगी बरोबर, खेळाच्या बुटात. आधी बाप, मग भाऊ, म्हणून डॉक्टरांनी मुलीची तपासणी केली होती. तूर्त हृदय चांगलं दिसत होतं. पण हा आजार पुढे कधीही डोकं वर काढतो, दर वर्षी तपासा आणि तोवर धावणं बंद, असं त्यांनी सांगितलं होतं. खेळाच्या मास्तरणीला धावू नको म्हणजे काय करायचं? जनुकाची तपासणी होते, पण ती आजारी माणसापासून सुरू करावी लागते. त्याच्यात कुठलं अक्षर चुकलंय ते सापडलं तर तेवढंच बहिणीत बघायचं. असलं तर सावध राहायचं. नसलं तर ती सुटली. आणि आजारी माणूस चितेवर गेला होता.

"तुमच्याकडं हाय ना त्याचा तुकडा?" काकू म्हणाल्या. "मी सुम्मने दिला नव्हता म्हणायचा."

नियमानं मला नंबरावरून माणसापर्यंत जायची परवानगी नाही. मी लॅबच्या साहेबांकडे गेले आणि भांडले. मला भांडायला फारसं निमित्त लागत नाही. शेवटी साहेबांनी नैतिकता समितीकडून लेखी परवानगी काढली. एक्केचाळीसचं वाचन मी पहिल्या अक्षरापासून चाळलं. हृदयाच्या स्नायूत जोरात जागी असणारी जी जनुकं, त्यांतल्या एकात एक अक्षर चुकलेलं होतं, आणि ते याच आजाराचं म्हणून आधीपासून माहीत असलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याच तुकड्याचा डीएनए पुन्हा स्वतंत्रपणे तपासा. बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतला. तेच अक्षर आलं. चुकीच्या नळीतून दोनदा तपासलं तर उत्तर दोनदा पक्कं येतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यावं? मग मुलीचं रक्त गेलं. तिच्यात ते अक्षर नव्हतं.

निकाल सांगायला मी स्वतः मंडी मोहल्ल्यात गेले. फोन करून सांगता आलं असतं, पण मला त्या मुलीचं तोंड बघायचं होतं. मुलीनं फळीवरची शिट्टी काढली, दोरी गळ्यात अडकवली आणि तशीच बसून राहिली. काकूंनी माझे हात धरले. त्यांनी नवस बोलला होता, मुलगी सुटली तर चामुंडीच्या डोंगराच्या सगळ्या पायऱ्यांना हळदकुंकू लावीन. आषाढात आम्ही तिघी गेलो. प्रत्येक पायरीला वाकायचं, बोटानं हळद ओढायची, वर कुंकू टेकवायचं, पुढची पायरी. काकूंचे गुडघे धरले तसं त्यांचंही काम मुलीनं घेतलं. हजाराच्या वर पायऱ्या ती शेरडासारखी चढत होती, वाकत होती, मला चिडवत होती, "अक्का, कऱ्हाडात डोंगर नाहीत काय?" वाटेतल्या मोठ्या नंदीपाशी मी धापा टाकत बसले. ती पिवळे हात हलवत वर गेली.

शाळेत ती पुन्हा मुलींबरोबर धावायला लागली. वर्षाची तपासणी डॉक्टरांनीच बंद केली होती, गरज उरली नव्हती.

दहा महिन्यांनी आमच्या साहेबांनी हृदयात जागी असलेल्या जनुकांची पूर्ण यादी प्रसिद्धीला पाठवायची ठरवली. त्याआधी सगळी वाचनं एकदा धुऊन-पुसून घ्यावी लागतात. त्यातली एक तपासणी अगदी साधी आहे. पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्र असतं आणि त्यावरची काही जनुकं पुरुषाच्या हृदयात जागी असतात. बाईच्या पेशीत एक्स दोन असतात, त्यातलं एक गप्प ठेवायला एक जनुक लागतं, आणि ते बाईतच मोठ्यानं चालू असतं. म्हणजे यादी बघूनच कळतं, तुकडा पुरुषाचा की बाईचा. ही तपासणी आम्ही अगदी शेवटी करायचो. रोजच्या कामात तिची गरज पडेल असं वाटायचं नाही, कारण नळ्या मी भरायची.

त्या दुपारी मी डबा खात खात ती यादी बघत होते. एक्केचाळीसपुढे 'पुरुष' लिहिलं होतं. वायवरची सगळी जनुकं शून्य. बाईचं जनुक मात्र मोठ्यानं चालू.

डबा तसाच राहिला. मी फडताळातून जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात, एक्केचाळीस, नऊ चाळीस. नऊ चाळीसला तो मुलगा वॉर्डात उपाशी बसून आईच्या राहूला नावं ठेवत होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पहिली वाटी त्या बाईची होती हे माझ्या डोक्याला पक्कं ठाऊक होतं. हाताला नव्हतं. हातानं सवयीनं पहिल्या वाटीला पहिली नळी दिली. सव्वा वर्ष ती वेळ वहीत लिहिलेली होती आणि मी एकदाही बघितली नव्हती.

मग दुसरी गोष्ट उमगली. बेचाळीसमध्ये तो होता, दोन वाजेपर्यंत टेबलावर राहिलेला तुकडा. तो मी खराब म्हणून पिवळ्या पिशवीत टाकला होता. आरएनए नासला तरी डीएनए बहुतेक टिकला असता, पण तुकडाच भट्टीत गेला. मुलाचं जगात दुसरं काही उरलं नव्हतं. मी हॉस्पिटलात धावले, जुनं रक्त कुठं ठेवलंय का विचारलं, पाया पडायची बाकी ठेवली. ते कधीच टाकून दिलं होतं. सापडलेलं अक्षर हुणसूरच्या बाईचं होतं. ती बरी होऊन घरी गेली होती, तिच्या डॉक्टरांना आता कळवलं. काकूंच्या मुलीत ते सापडणार कुठून? तिचा त्या बाईशी संबंध काय? तिच्या भावात कुठलं अक्षर चुकलं होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. तिची सगळी जनुकं तपासली तरी काही सापडलं नाही याचा अर्थ ती सुटली असा होत नाही, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, जसं काही मला ते ठाऊक नव्हतं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी एक्केचाळीसची ओळ पुरुषांच्या रकान्यातून काढून बायकांच्या रकान्यात टाकली. जनुकांची यादी तशीच राहिली, एक जनुक कमी झालं नाही की वाढलं नाही. पुढे ती छापूनही आली. त्या दिवशी मी शिरा केला नाही.

डॉक्टर म्हणाले, कळवायचं काम मी करतो. मी म्हटलं, निकाल मी सांगितला होता, हेही मीच सांगणार. मोठी शूर होते म्हणून नव्हे. लाज वाटत होती.

मंडी मोहल्ल्यातल्या त्या खोलीत मी सगळं सांगितलं. काकूंना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती, शिट्टी गळ्यातच होती. काकू म्हणाल्या, "पण ताई, तुम्ही तर तिथंच उभ्या होतात. मग अदलाबदल झाली कशी?"

इथं मी जे बोलले ते लिहायलाच ही सगळी पानं लिहितेय. मला म्हणायचं होतं, माझी चूक. तोंडात हेच होतं. पण त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, आणि मला ते बघणं सोसेना. मी म्हणाले, "काकू, नंबर आधीच लिहिलेले होते. ऐनवेळी क्रम तुम्हीच बदलायला लावला ना. राहुकाळासाठी."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. क्रम त्यांनी बदलायला लावला होता, मीच तर निरोप पोचवला होता. पण नळी चुकली ती राहुकाळानं नाही. ती चुकली मी राहुकाळाला हसत होते म्हणून. सिस्टरला तिखटमीठ लावून सांगत होते, माझं लक्ष वाटीत नव्हतं, त्या बाईच्या भोळेपणात होतं. ते हसणं मी काकूंना सांगितलं नाही. साहेबांना नाही, नवऱ्याला नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

काकू रडल्या-ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. "हौदु," म्हणाल्या. खरं आहे. "मीच सांगितलं होतं." मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी कॉफी टाकली. मी ती प्यायले. काय तोंडानं प्यायले कोण जाणे.

मुलगी मला खालपर्यंत सोडायला आली. मी तिला म्हटलं, धावणं आजपासून बंद कर, तपासणी पुन्हा सुरू कर, मी घेऊन जाईन. ती शांतपणे म्हणाली, "अक्का, तेव्हा सुटलीस म्हणालात. आता नाही सुटलीस म्हणता. पुढच्या वर्षी काय म्हणाल? मी वर्षभर धावले. सगळ्या पायऱ्या चढले. मला काही झालं नाही. आता मी तुमचं ऐकत नाही."

तिनं खरंच ऐकलं नाही. मी दर आठवड्याला फोन करायची, ती उचलायची नाही. काकू उचलायच्या, म्हणायच्या, नोडी, बघा ताई, सांगून बघितलं, ऐकत नाही पोर. मी शाळेच्या फाटकापर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा ती मैदानाच्या पलीकडे मुलींबरोबर पळताना दिसली, खुंटाला वळसा घालून परत. मी हाक मारली नाही. काय सांगणार होते? माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती आणि ती घालवली होती मीच. कऱ्हाडला आई म्हणायची, जिभेला हाड नाही तुझ्या, कधीतरी स्वतःलाच चावशील. मी चावले ते दुसऱ्याला.

गेल्या मार्गशीर्षात ती मैदानावर पडली. आठवीच्या मुलींना खो-खो शिकवताना, धावता धावता, पाठीवर. शुद्ध मिनिटभरात आली. शाळेनं काकूंना कळवलं, काकूंनी मला. एवढं होऊन त्यांनी मलाच का कळवलं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तेव्हा मी आत होते. त्यांनी पडद्यावर हृदयाची मधली भिंत मोजली. मग यंत्र पुन्हा छातीवर फिरवून परत मोजली. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा मुलगी म्हणाली, "सांगा की." भिंत जाड व्हायला लागली होती. ठोक्यांचा आलेखही चांगला नव्हता. भावाच्या तुकड्यातून जे उत्तर मिळायला हवं होतं ते तिच्या हृदयानं स्वतःच दिलं. दोन वर्षं आधी धावणं थांबलं असतं, दर वर्षी बघत राहिलो असतो, तर ती मैदानावर अशी पडली नसती. भिंत तरीही जाड झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले असतील, किंवा खरंही असेल.

छातीत कातडीखाली एक यंत्र बसवायचं ठरलं. ठोके बिघडले तर ते आतून झटका देतं. धावणं कायमचं बंद. ती शिट्टी तिनं तपासणीच्या वेळी काढून माझ्या हातात दिली होती, ती मी परत द्यायला लागले तर म्हणाली, राहू दे तुमच्याकडं.

बाहेर काउंटरवर तारीख घ्यायला काकू आणि मी गेलो. काउंटरवरच्या मुलीनं वही उघडली. शुक्रवार, सकाळी अकरा. काकूंच्या हातात कॅलेंडर नव्हतं, बोटांवर मोजणं नव्हतं. मी पर्समधून मोबाइल काढला. मला शुक्रवारचा राहुकाळ माहीत नव्हता, शोधावा लागला. साडेदहा ते बारा. अमावास्येला मुद्दाम प्रवासाला निघणाऱ्या बापाची मी लेक. काउंटरवर वाकून म्हटलं, दुपारी घेता येईल का? दोननंतर कधीही. त्या मुलीनं पान उलटलं, म्हणाली, बघते, दुसऱ्या कुणाची तरी वेळ यांना देता येईल, अदलाबदल करून.

काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता.

"बेड, ताई," त्या म्हणाल्या. नको. "आता कुणाशी काही बदलू नका."

मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, राहू दे, अकराच लिहा. तिनं लिहिलं. मी तिला वही माझ्याकडं फिरवायला सांगितली आणि नाव बरोबर आहे का ते वाचून बघितलं.